दूर

सुट्टी एकच, तीही पुरती नाही.
चारला मोतालेबची एअरपोर्टची फेरी,
तोवर गाडी आपली.
पेट्रोलचे पैसे त्यानं घेतले नाहीत,
नुसतं म्हणाला, दगड बघायला कोण जातं रे,
दगड तर साइटवर ढिगानं पडलेत.

शारजातून निघालो तेव्हा काचांवर दव.
आठ वर्षं मी काचा बसवतोय,
चौतिसाव्या मजल्याला पाळण्यात उभा राहून.
रबरी वाट्यांनी धरलेला एकेक पत्रा
चौकटीत सोडायचा,
आणि सिलिकॉन धरेपर्यंत बोलायचं नाही.
लोक म्हणतात, केवढी इमारत.
मला सांधे दिसतात.

ही खटपट पोरीमुळं.
तिच्या पुस्तकात रोम आलंय.
"तुमच्याकडं आहे का बाबा रोमचं काही?"
तुमच्याकडं, म्हणाली.
दोन दिवस त्या शब्दापाशी अडलो,
मग ऑफिसातल्या नदीमला विचारलं.
तो नकाशा काढणारा, त्याला जागा ठाऊक असतात.
म्हणाला, तासाभरावर आहे,
खांब-बिंब शोधू नकोस फक्त.

खरंच नव्हते.
जाळीचं कुंपण, फाटकाला कुलूप,
पलीकडं खारट झुडपं
आणि वाळूत बुडालेल्या गुडघाभर भिंती.
एक चौकोन, तो म्हणे सूर्याचा.
जाळीशी अंग घासत एक उंटीण उभी,
तिला कुणी तिकीट मागितलं नाही.

मोतालेब मदरशात शिकलेला.
पाटीवरून बोट फिरवत वाचलं त्यानं, अद्-दूर.
मला हसू आलं.
म्हटलं, आमच्यात दूर म्हणजे लांब.
तो म्हणाला, अरबीत घर म्हणजे दार,
आणि पुष्कळ घरं झाली की, दूर.
मी म्हटलं, दार आमच्यात नुसतं दार.
मग दोघंही कुलपाकडं बघत राहिलो.

उम्म अल कुवेनच्या किल्ल्यात तिथल्या वस्तू ठेवल्यात.
आत गार, आणि आम्ही दोघंच.
बोटाएवढी अत्तराची कुपी,
हिरवट, मान जराशी कलती.
खाली लिहिलेलं: रोमन, पहिलं शतक.
फुंकून केलेली काच.
बुडाशी एक बुडबुडा अडकलेला,
साबुदाण्याएवढा.
असा पत्रा आला तर मी परत पाठवतो.

आमच्या तेरला पांढरीत नांगर शिरला
की मातीबरोबर मणी वर यायचे.
मास्तर सांगत, हे बैलगाडीतून भडोचला,
तिथून जहाजानं रोमला.
आम्हाला रोम कुणीकडं तेही माहीत नव्हतं.
वासराच्या गळ्यात बांधला होता एक, निळा.
वासरू बार्शीच्या बाजारात गेलं,
मणी सोडून घ्यायचा राहिला.

कुपीचा फोटो तीनदा काढला.
मग नजर पेटीवर गेली, सवयच ती.
डावा कोपरा सुटलेला,
सिलिकॉन पिवळं पडून उचललंय.
अंगठ्यानं दाबायला गेलो,
तर पहारेकरी इद्रिस खुर्चीतून उठला.
सुदानचा, पायाला सांधेदुखी.
त्याला हातवाऱ्यांनी समजावलं,
वाळू शिरेल, ओल शिरेल, गाडीत ट्यूब आहे,
पाच मिनिटांचं काम.
त्यानं मान हलवली
आणि अभिप्रायाची वही पुढं केली.

वहीत सगळे, सुंदर, अप्रतिम, शुक्रान.
मी मराठीतच लिहिलं,
डाव्या पेटीचा खालचा कोपरा बघून घ्या.
खाली नाव, आणि मोबाइल नंबर.

पावणेतीन. बाहेर मोतालेबचा हॉर्न.

गाडीत फोटो पाठवले.
अजमानच्या सिग्नलला तिचं उत्तर आलं,
"बाबा, यात तर तुम्हीच दिसताय.
पाठीमागं काहीतरी हिरवं आहे."
मी मोठा करून बघितला.
माझं कपाळ, हातातला फोन,
आणि कपाळाच्या बरोबर मधे
तो बुडबुडा.

लिहायला घेतलं, की ती
कुणाची तरी फुंकर आहे.
तेवढ्यात सिग्नल सुटला,
मोतालेब म्हणाला, उजवीकडं बघ जरा, लेन बदलायचीय.